दोन दिवसांत सूज उतरवणारे आमवाताचे चूर्ण

आमवातावरील चूर्णाच्या नावाखाली माझ्याकडून १८,६०० रुपये उकळण्यात आले: आधी ७,२०० आणि नंतर "कोर्स अर्धवट सोडला तर रोग उलटतो" अशी भीती घालून ११,४००. जडीबुटी, शंभर टक्के हमी आणि फोनवर गोड बोलणारे वैद्य हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून तो पुन्हा सांगत नाही.

मला आजही संताप येतो तो चूर्ण सुरू केल्यानंतरच्या दुसऱ्या सकाळचा. एरवी उठल्यावर तासभर माझी मूठ वळत नसे. त्या सकाळी बरणीचे घट्ट झाकण एका झटक्यात फिरले. मेथोट्रेक्सेटसारख्या आमवाताच्या मूळ औषधालाही गुण दाखवायला सहा ते बारा आठवडे लागतात, मग साध्या वनस्पतींनी दोन दिवसांत सूज उतरेलच कशी, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता. परंतु दुखण्याने पिचलेल्या माणसाने आराम पडताच संशय घ्यावा, ही अपेक्षा सुजलेल्या बोटांनी कधी गुंड्या न लावलेल्यांनीच करावी. लेबलावर घटकद्रव्ये आणि उत्पादन परवाना क्रमांक नसेल, तर ते औषध तोंडात घालू नका.

पुढे चेहरा सुजून गोल झाला, कधी नव्हे ती साखर २८० वर गेली आणि डॉक्टरांनी पुडी पाहताच स्टेरॉइडची, म्हणजे सूज झटपट दाबणाऱ्या औषधाची, शंका बोलून दाखवली. खासगी प्रयोगशाळेत ३,५०० रुपये भरल्यावर पुडीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडले. दरम्यान विक्रेत्याच्या सांगण्यावरून आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी बंद होती आणि सांध्यांची झीज आतून चालूच होती.

पोलीस म्हणाले, पैसे तुम्ही स्वखुशीने दिलेत. औषधांच्या कार्यालयाने बिल आणि बॅच क्रमांक मागितला. ज्या पुडीवर नावही छापलेले नाही तिचा बॅच क्रमांक मी कुठून आणावा, याचे उत्तर तिथे कोणाकडे नव्हते, आणि त्यांनी मला पुन्हा पोलिसांकडेच धाडले. संधिवात बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही तीच जाहिरात माझ्या फोनवर रोज झळकते.

असे चूर्ण कोणी घेत असेल, तर ते घाबरून एकदम बंद करू नका. शरीरात स्वतःचे स्टेरॉइड तयार होणे मंदावलेले असते आणि अचानक थांबवल्यास जिवावर बेतू शकते. उरलेल्या पुड्या फेकू नका, त्या घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.