दोन आवाज, एक गिटार आणि नाताळ: शेन अँड शेन लावायचा की ओव्हर द राइन?

नोव्हेंबर संपत आला की आमच्या चर्चच्या कॉयरच्या (गाणाऱ्या मंडळींच्या) ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, की यावेळी नाताळला नवीन काय ऐकायचं, काय बसवायचं, आणि मग दहा लिंका पडतात आणि एकही कोणी पूर्ण ऐकत नाही. म्हणून यंदा मीच बसून लिहितोय. विषय छोटासाच आहे, अकूस्टिक ख्रिस्ती जोड्यांचे नाताळ अल्बम, म्हणजे दोन माणसं, गिटार किंवा पियानो, आणि फार तामझाम नाही. एकच अल्बम निवडायचा असेल तर कुठला.

खरी लढत दोघांत आहे. एकीकडे शेन अँड शेन, 2008 चा 'ग्लोरी इन द हायेस्ट'. दुसरीकडे ओव्हर द राइन, 2006 चा 'स्नो एंजल्स' (आणि त्याच जोडीचा 2014 चा 'ब्लड ऑरेंजेस इन द स्नो', तो खाली येतोच). तिसरा एक आहे, तो मध्येच डोकावेल.

आधी शेन अँड शेन. शेन बर्नार्ड आणि शेन एव्हरेट, दोघांचं नाव एकच, दोघं टेक्सस ए अँड एम युनिव्हर्सिटीत भेटले आणि कॉलेजच्या पोरांच्या बायबल स्टडीत गाऊन गाऊन वर आले. त्यांचा 2002 चा अल्बम तर सरळ स्तोत्रसंहितेवरच होता, म्हणजे वचन उचलायचं आणि त्याला चाल लावायची, ही त्यांची मूळ सवय. नाताळच्या अल्बममध्येही तेच जाणवतं. जुन्या कॅरल्स (नाताळची पारंपरिक गाणी) आहेत, स्वतःची गाणीही आहेत, पण सगळ्याचा रोख एकच, की हे प्रभूसमोर गायचंय, लोकांसमोर नाही. बर्नार्डचा आवाज वरचा, पातळ, थोडा तळमळणारा, आणि एव्हरेट खालून त्याला धरून ठेवतो. गिटार नुसती कॉर्ड वाजवत बसत नाही, ठेका पण तीच देते, ड्रम नसला तरी चालेल अशी.

ओव्हर द राइन एकदम वेगळं प्रकरण. कॅरिन बर्गक्विस्ट आणि लिनफर्ड डेटवायलर, नवरा-बायको, ओहायोमधल्या सिनसिनाटीचे, आणि बँडचं नाव त्याच शहरातल्या एका जुन्या जर्मन वस्तीवरून घेतलेलं. सुरुवातीला चौघं होते, मग हे दोघंच उरले. यांना वर्शिप बँड, म्हणजे उपासनेची गाणी गाणारा बँड, म्हणणं चूक आहे, ते स्वतःही म्हणवून घेत नाहीत, पण डेटवायलरच्या घरात पाळक वडील आणि भजनाचं पुस्तक होतंच, आणि ते गाण्यात झिरपलेलं दिसतं. यांनी नाताळवर एक नाही, तीन अल्बम केलेत. पहिला 1996 चा, 'द डार्केस्ट नाइट ऑफ द इयर', नावातच काय ते समजा. त्यात बहुतेक जुन्याच कॅरल्स, पण अशा वाजवल्यात की वीज गेलीय आणि खिडकीत एकच मेणबत्ती आहे. 'स्नो एंजल्स'मध्ये मात्र स्वतःची गाणी, थोडी जॅझ, थोडी उदास, थोडी चावटसुद्धा. आणि 2014 च्या अल्बममध्ये अमेरिकन कंट्री गायक मर्ल हॅगर्डचं 1973 चं गाणं घेतलंय, डिसेंबरात कारखान्यातून काढून टाकलेल्या बापाचं, ज्याला पोरीला नाताळ कसा समजावायचा तेच कळत नाही. या सगळ्याला ते 'रिअॅलिटी ख्रिसमस' म्हणतात. पटतं मला. घरातलं एक माणूस यंदा टेबलावर नाहीये आणि तरी केक कापायचाय, अशा घरासाठीची ही गाणी.

आता समीक्षकांचं. इथे लोक फसतात असं मला वाटतं, म्हणून जरा थांबतो.

वर्शिप जोडीच्या अल्बमचे रिव्ह्यू कुठे सापडतात तर ख्रिस्ती म्युझिक प्रेसमध्ये. अमेरिकेतलं सीसीएम मॅगझिन, ब्रिटनचं क्रॉस रिदम्स जे दहापैकी चौकोन देतं, 1996 पासून चालू असलेली जीझस फ्रीक हाइडआउट ही साइट जी पाचपैकी स्टार देते, अशी मंडळी. बाहेरचे म्युझिक क्रिटिक या अल्बमांकडे सहसा फिरकतच नाहीत. आणि ख्रिस्ती प्रेसमधल्या रिव्ह्यूअरची पण अडचण समजून घ्या, दर वर्षी ऑक्टोबरपासून त्याच्याकडे नाताळ अल्बमांची थप्पी येते आणि प्रत्येकात तीच सात-आठ गाणी, तर तो माणूस स्वाभाविकच विचारणार की यात नवीन काय. मग ज्याने कॅरल मोडून-तोडून वेगळी केली त्याला स्टार जास्त, आणि ज्याने साधी, सरळ, गाता येईल अशी ठेवली त्याला 'छान आहे पण सेफ आहे'. ओव्हर द राइनचं उलट, त्यांना चर्चच्या आतले आणि बाहेरचे दोन्ही लोक ऐकतात, पेस्ट मॅगझिनने 2006 मध्ये हयात असलेल्या शंभर उत्तम गीतकारांची यादी केली त्यात ही जोडी होती. म्हणजे नुसत्या कौतुकाचं वजन केलं तर सामना संपलाच.

पण स्टार हे ऐकणाऱ्याने दिलेले असतात, गाणाऱ्याने नाही. रिव्ह्यूअर हेडफोन लावून एकटा बसलेला असतो. त्याला चाल तीन आठवड्यांत चाळीस लोकांना शिकवायची नसते, त्यातल्या दहा आज्या असतात आणि चार पोरं ज्यांचा आवाज नुकताच फुटलाय. त्याला जे 'सेफ' वाटतं ते आपल्याला गाता येतं. शेन अँड शेनच्या अल्बमचा हा गुण कुठल्याच स्टारमध्ये मावत नाही, की दुसऱ्यांदा ऐकताना तुम्ही आपोआप खालचा सूर लावता. ओव्हर द राइनसोबत असं होत नाही, कॅरिन गाते तेव्हा आपण गप्प बसतो, आणि तेच बरोबर आहे.

आणि 'दोघं आणि एक गिटार, हे फार झालं आता' असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. 'सायलेंट नाइट' पहिल्यांदा गायलं गेलं ते 24 डिसेंबर 1818 ला, ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये, आणि गायलं कोणी, तर योसेफ मोर आणि फ्रान्झ ग्रूबर, दोन पुरुषांचे आवाज आणि मोरच्या हातात गिटार. ऑर्केस्ट्रा, घंटा, बर्फाचा आवाज हे सगळं नंतरच्या लोकांनी चिकटवलं. म्हणजे टेक्ससचे हे दोघं काही फॅशन करत नाहीयेत.

कॉयरवाल्यांसाठी प्रॅक्टिकल गोष्ट. शेन अँड शेनची गाणी उचलायची असतील तर गाण्याची पट्टी खाली आणा. बर्नार्ड जिथे आरामात जातो तिथे आपले पुरुष ओरडतात आणि बायका मध्येच लटकतात. तीन-चार सेमीटोन (अर्धे सूर) खाली, मग कॅपो (गिटारच्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून हवी ती कॉर्डशेप धरा. हार्मनी मात्र सोडू नका, एकाच सुरात गायलं तर निम्मी मजा जाते. याच दोघांनी पुढे द वर्शिप इनिशिएटिव्ह नावाचं काम सुरू केलं, त्यात वर्शिप लीडर लोकांसाठी कॉर्ड चार्ट आणि व्हिडिओ धडे असतात, नवशिक्या गिटारवाल्याला ते उपयोगी पडतं. ओव्हर द राइनची गाणी बसवायच्या फंदात पडू नका, एखादी चांगली सोलो गाणारी मुलगी आणि बरा पियानोवाला असेल तरच एक गाणं ठेवा, तेही कॅन्डललाइट सर्व्हिसला.

एक सांगायला हवं, आपल्याकडे उपासना संगीत हे भजनांचं पुस्तक उघडलं की नारायण वामन टिळकांची पदं आहेत, पेटी-तबल्यावर, आणि तिथेही तेच आहे, एकाने ओळ सोडायची आणि सगळ्यांनी उचलायची. शेन अँड शेन मला त्या बाजूचे वाटतात. ओव्हर द राइन म्हणजे रात्री सगळे झोपल्यावर स्वतःशी वाचायची कविता.

तिसरा म्हटलं होतं तो, द ओ हेलोज. मॅगी आणि टायलर हीथ, बहीण-भाऊ, तेही टेक्ससचेच, सॅन मार्कोसचे. 2013 चा 'फॅमिली ख्रिसमस अल्बम', चारच ट्रॅक, त्यांना ते मूव्हमेंट म्हणतात, आणि प्रत्येकात दोन-तीन कॅरल्स एकात एक गुंफलेल्या. जोडी दोघांची असली तरी वाजवायला अख्खं गाव जमलंय असं वाटतं, बँजो, टाळ्या, सगळं. अर्ध्या तासाच्या आत संपतो. घरात पोरं असतील, नाताळचा स्टार लावायचं काम चालू असेल, करंज्या तळायच्या असतील तर हाच लावा, वर्शिप-बिर्शिपचा विचार करू नका. बँडकॅम्पवर विकत मिळतो, आणि असल्या स्वतंत्र बँडला विकत घेऊनच ऐकावं असं माझं मत.

फॉर किंग अँड कंट्रीचा 2020 चा 'अ ड्रमर बॉय ख्रिसमस' पण कोणीतरी सुचवणारच, तेही दोघं भाऊच आहेत, पण तो अकूस्टिक नाही, ड्रम असे की शेजारी दार वाजवतील. मजा येते, पण आपला विषय तो नाही. आणि अँड्र्यू पीटरसनचा 2004 चा 'बिहोल्ड द लॅम्ब ऑफ गॉड' जोडीचा नाही म्हणून बाहेर ठेवलाय, नाहीतर तोच पहिला लिहिला असता, त्यात बायबलमधल्या मत्तयातली अख्खी वंशावळ ब्लूग्रासच्या (अमेरिकन लोकसंगीताच्या) चालीवर म्हटलीय राव, अब्राहामापासून येशूपर्यंत, श्वास न घेता.

तर निवड. चर्चमध्ये, कॅरल राउंडला, युथ मीटिंगला काही बसवायचं असेल तर शेन अँड शेन, आणि रिव्ह्यू वाचत बसू नका. एकट्याने ऐकायचं असेल, वर्ष वाईट गेलं असेल, घरात कोणी कमी झालं असेल तर ओव्हर द राइन, आणि त्यातही 'स्नो एंजल्स' आधी, 'ब्लड ऑरेंजेस' नंतर, कारण दुसऱ्यात डेटवायलरने वडिलांवर लिहिलेलं एक गाणं आहे आणि ते तयारी नसताना ऐकलं तर पुढची संध्याकाळ जाते. दोन्ही हवेत असं म्हणाल तर 24 च्या संध्याकाळी पहिला आणि 26 च्या रात्री दुसरा. मध्ये 25 ला काहीच लावू नका, त्या दिवशी तसंही वरच्या मजल्यावरचे लोक 'जिंगल बेल्स' सोडत नाहीत.