आयसीआरएच अँटेना बनवून घेतला त्या वर्कशॉपचा अनुभव: मशिनिंग एक नंबर, प्लेटिंग मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा

टोकामॅक म्हणजे प्लाझ्मा (विद्युतभारित, प्रचंड तापलेला वायू) चुंबकांनी कोंडून ठेवणारं फ्यूजनचं यंत्र. त्यातला प्लाझ्मा 50 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरींनी तापवायचा (यालाच आयसीआरएच म्हणतात) दोन स्ट्रॅपचा, म्हणजे करंट वाहणाऱ्या दोन धातूच्या पट्ट्यांचा, अँटेना आम्ही डिझाइन केला आणि त्याचं पहिलं टेस्ट मॉडेल बाहेरच्या एका प्रिसिजन वर्कशॉपकडून करून घेतलं. नाव लिहीत नाही, कारण अर्धी चूक आमच्या ड्रॉइंगची होती आणि त्यांनी काम सुधारूनही दिलं.

मशिनिंगला खरंच तोड नाही. स्ट्रॅपच्या कडांना मागितलेली गोलाई या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी, नख फिरवलं तरी कुठे अडकत नाही. हे नुसतं दिसायला छान म्हणून नाही सांगत, स्ट्रॅपमधला करंट कडांकडेच गोळा होतो आणि पूर्ण पॉवरला व्होल्टेज कित्येक किलोव्होल्टवर जातं, तिथे एखादी बारीक बर (कापताना राहिलेली धातूची टोकदार कड) राहिली की आर्क झालाच म्हणून समजा. स्ट्रॅपसमोरच्या फॅरेडे स्क्रीनच्या, म्हणजे संरक्षक जाळीच्या, सळ्याही सरळ, मधलं अंतर सगळीकडे सारखं.

आता प्लेटिंग. स्ट्रॅप ज्यात बसतात तो बॉक्स स्टेनलेस स्टीलचा आणि आतून तांब्याचा थर, दिसायला झकास. पण समोर कसलाही लोड (लहरी शोषून घेणारं काही) न ठेवता नेटवर्क अॅनालायझर (रेडिओ लहरींना अँटेना कसा प्रतिसाद देतो ते मोजणारं उपकरण) लावला तर अँटेनाचा स्वतःचा रेझिस्टन्स सिम्युलेशनच्या दीडपट! दोन दिवस केबल, कनेक्टर, कॅलिब्रेशन सगळं परत परत तपासलं, आकडा हलेना. शेवटी त्याच बाथमधून काढलेला एल आकाराचा जास्तीचा तुकडा सोबत आला होता तो कापून मायक्रोस्कोपखाली धरला, सपाट भागावर थर 30 मायक्रॉन आणि आतल्या कोपऱ्यात जेमतेम 4. या फ्रिक्वेन्सीला तांब्यातला करंट मुख्यतः वरच्या 9 मायक्रॉनमध्ये वाहतो, म्हणजे कोपऱ्यात तो सरळ खाली स्टीलमध्ये उतरत होता आणि स्टीलच्या पृष्ठभागाचा रेझिस्टन्स तांब्याच्या सहापटीहून जास्त.

एवढ्याशा कोपऱ्याने काय होतंय असं वाटेल, पण प्लाझ्माच्या कडेला घनता कमी असते, तिथे लहर पुढे न जाता विरत जाते, त्यामुळे अँटेनाला मिळणारा लोड बऱ्याचदा मोजक्या ओहमचाच असतो, त्यातला वाटा अँटेनानेच खाल्ला तर प्लाझ्मापर्यंत पोचणार काय. आणि बॉक्सवरचे करंट किरकोळ नसतात बरं का, जर्मनीतल्या अॅस्डेक्स अपग्रेड या टोकामॅकवर 3 स्ट्रॅपचा अँटेना बसवला तो तेवढ्याचसाठी, की बॉक्सच्या पुढच्या कडेवरचे इमेज करंट (स्ट्रॅपमुळे बॉक्सवर उमटणारे करंट) एकमेकांना मारतील, आणि प्लाझ्मात येऊन तो थंड करणारं टंगस्टन खरोखर कमी झालं.

तक्रार केल्यावर वर्कशॉपने वाद घातला नाही. प्लेटिंग करणाऱ्यालाच आमच्यासमोर बसवलं, जुना थर उतरवला, कोपऱ्यांसाठी जादा अॅनोड लावून परत थर चढवला. तीन आठवडे मात्र गेले. पहिल्या रिपोर्टमधली जाडी फक्त सपाट भागावर मोजली होती हे त्यांनी स्वतःहून सांगायला हवं होतं, त्याचा राग अजून आहे.

दुसऱ्या वेळी आकडा सिम्युलेशनला जुळला. मग प्लाझ्माच्या जागी मिठाच्या पाण्याची टाकी ठेवून लोड मोजला, तोही अपेक्षेप्रमाणे आला आणि त्या दिवशी आमची अख्खी टीम उशिरापर्यंत टाकी पुढेमागे सरकवत मोजत बसली.

5 पैकी 4. पुढचा अँटेनाही त्यांनाच दिलाय, फक्त ड्रॉइंगवर ठळक लिहिलंय: थर कमीत कमी 30 मायक्रॉन, आतल्या कोपऱ्यातसुद्धा.