राउटर हलवल्यावर रेंज गेली? सॉकेटमध्ये खोचायच्या ड्युअल-बँड रिपीटरचं परीक्षण

राउटर दिवाणखान्यातून आतल्या खोलीत गेला की घराच्या दुसऱ्या टोकाला व्हिडिओ कॉल तुटायला लागतात, आणि मग बहुतेक जण सरळ रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र, मागवतात. यंत्र चांगलं आहे, पण ते एकाच दुखण्यावर चालतं. राउटरजवळ सिग्नल उत्तम आणि मधल्या भिंतींपलीकडे तो थकलेला, एवढंच असेल तर रिपीटर घ्या. दुखणं दुसरीकडे असेल तर पैसे गेले आणि नेट तसंच राहिलं, असं होतं.

म्हणून आधी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजा. इथेच वेग कमी असेल तर वाय-फायचा काही संबंध नाही. प्लॅन त्याहून मोठा असूनही आकडा ९४-९५ एमबीपीएसवर अडकला असेल, तर जोडणी १००० ऐवजी १०० वर उतरली आहे असं समजा. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. ओढाताणीत एखादी तार क्रिंपमधून (टोकाच्या दाबून बसवलेल्या प्लगमधून) सुटली की नेट बंद पडत नाही, फक्त गुपचूप मंदावतं. आधी केबल बदलून पाहा. तरीही १००च दिसत असेल, तर राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्टच १०० चा आहे का ते तपासा.

फायबर असेल तर मोडेमवरचा एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा पाहा. तो बंद असला तरी खात्री धरू नका. जागा बदलताना उरलेली पिवळी किंवा पांढरी वायर कपाटामागे घट्ट गुंडाळली जाते आणि वाकलेल्या जागी काचेच्या तंतूतून प्रकाश बाहेर गळतो. घरासाठीची, वळण सोसणारी जी.६५७ए१ जातीची फायबरसुद्धा १० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवायची नसते. साध्या जी.६५२डी फायबरला ३० मिलिमीटर लागतात. मोडेमच्या सेटिंग पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे मोडेमपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएममध्ये दिसते; आकडा जितका जास्त उणे तितकी ताकद कमी. बी प्लस वर्गाच्या जीपॉन (घरगुती फायबरची एक पद्धत) जोडणीत उणे २७ डीबीएम ही शेवटची मर्यादा, आणि आकडा उणे २५ च्या खाली उतरला असेल तर कंपनीच्या माणसाला बोलवायची वेळ आली आहे. हिरवं टोक निळ्या सॉकेटमध्ये कधीही घालू नका. हिरव्याचं तोंड ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं नसतं. टोकं एकमेकांना नीट टेकत नाहीत आणि प्रकाश वाया जातो.

तारेवर वेग पूर्ण मिळाला तरच वाय-फायकडे वळा. अँड्रॉइडवर सिग्नल डीबीएममध्ये दाखवणारी मोफत अ‍ॅप आहेत. मॅकवर ऑप्शन की दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की आरएसएसआय, म्हणजे हाच सिग्नलचा आकडा, दिसतो. राउटरपासून दोन-तीन मीटरवर, मध्ये काही नसताना, उणे ४० च्या आसपास आकडा यायला हवा. इथेच उणे ६० दिसत असेल तर राउटरची नवी जागाच चुकली आहे: टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात, आरशाच्या किंवा माशांच्या टाकीच्या आड. शेजारी यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क असली तर तिच्या केबलमधला गोंगाट वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ बँडवर पडतो. ती दूर सरकवा. बाहेरच्या अँटेना उभ्या ठेवा. उभ्या दांडीचा सिग्नल आडवा पसरतो, टोकाच्या दिशेने मात्र जवळजवळ जातच नाही. राउटर नुसता खांद्याच्या उंचीवर मोकळ्या जागी आणला की कित्येक घरांत रिपीटरची गरजच उरत नाही.

आता रिपीटर. त्याच्या सगळ्या यशापयशाचं मूळ एका गोष्टीत आहे, ते म्हणजे तो कुठे लावला. लोक तो रेंज नसलेल्या खोलीतच लावतात. उणे ८० चा मरतुकडा सिग्नल घेऊन तो तोच पुढे देणार. फोनवर कांड्या पूर्ण दिसतील, पान मात्र उघडणार नाही. त्याची जागा वाटेत, जिथे फोनवर राउटरचा सिग्नल उणे ६० ते उणे ६७ दिसतो तिथे. दर ३ डीबीला शक्ती निम्मी होते, त्यामुळे एक दार इकडे की तिकडे, एवढ्यानेही फरक पडतो. सोफ्यामागचं जमिनीलगतचं सॉकेट टाळा.

खोक्यावरचा १२०० हा आकडा म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ या दोन बँडचे अनुक्रमे ३०० आणि ८६७ एमबीपीएस मिळून, वर गोल केलेली बेरीज. एका फोनला तो वेग कधीच मिळत नाही. शिवाय राउटरशी आणि फोनशी एकाच बँडवर बोलायचं असेल तर डेटाचं प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जातं आणि वेग साधारण अर्धा होतो. म्हणून सेटिंगमध्ये राउटरकडची जोडणी ५ वर ठेवा. फक्त २.४ चा रिपीटर घेऊच नका.

रिपीटरला राउटरचं ५ गिगाहर्ट्‌झचं नावच दिसत नसेल तर राउटरचा चॅनेल पाहा. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले असतात. काही रिपीटर त्यांना हातच लावत नाहीत. राउटरही या चॅनेलवर सुरू झाल्यावर किमान ६० सेकंद रडार ऐकत गप्प बसतो. ३६ ते ४८ मधला चॅनेल निवडा. २.४ वर १, ६ किंवा ११, आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ.

सगळ्यात त्रासदायक दोष म्हणजे फोन जुन्या सिग्नलला चिकटून राहतो. राउटरजवळून रिपीटरजवळ चालत गेलात तरी तो उणे ७८ वर राउटरलाच धरून बसतो, कारण स्वस्त रिपीटर त्याला हलण्याचा इशारा देत नाहीत. त्यासाठी ८०२.११के आणि ८०२.११व्ही हे वाय-फायचे नियम लागतात, आणि ते राउटर व रिपीटर दोघांतही हवेत. फिरत फिरत कॉल करणाऱ्यांनी मेश, म्हणजे एकाच नावाखाली एकत्र चालणाऱ्या यंत्रांचा संच, घ्यावा. एका जागी बसून काम करणाऱ्यांना वेगळं वाय-फाय नाव दिलेला रिपीटर पुरतो.

आणि केबल टाकणं शक्य असेल तर त्यासारखं काही नाही. लॅन केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते. तिच्या टोकाला हाच रिपीटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे केबलने आलेलं नेट वाय-फायवर देण्यासाठी, लावला की वेग अर्धा होण्याचा प्रश्नच मिटतो. मात्र विकत घेताना त्याचा पोर्ट गिगाबिट आहे का ते बघा. अनेकांचा १०० चाच असतो आणि ते खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. केबल निव्वळ तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची नको. ती क्रिंप करताना तुटते, आणि मग पुन्हा तेच ९४ एमबीपीएस.