पेल ग्रँटचे सहाशे टक्के आणि आमच्या कॉलेजची खिडकी

न्यू जर्सीतल्या आमच्या कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांच्या कोर्सचं सरकारी कॉलेज) फायनान्शियल एड ऑफिसला, म्हणजे फीसाठीची सरकारी मदत बघणाऱ्या ऑफिसला, मी पाचपैकी चार तारे देते. एक कापला, कारण जी गोष्ट २०१७ मध्ये पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती ती मला २०२३ मध्ये कळली. तीही मी आपणहून जाऊन विचारलं म्हणून.

दिरांनी स्पॉन्सर केलं, म्हणून आम्ही थेट ग्रीन कार्डवर आलो. मिस्टर गोदामात कामाला. तासगावला माझं बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं होतं, लग्न ठरलं म्हणून. ते अर्धवट राहिल्याची खंत आयुष्यभर होती. इथे कळलं की बॅचलर डिग्री पूर्ण असेल, मग ती भारतातली का असेना, तर पेल ग्रँट मिळत नाही. म्हणून मला मिळाली. परत न करायचे सरकारी पैसे, २०२३-२४ ला वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. आमच्या कॉलेजची फी त्यात भागायची, पुस्तकांना थोडे उरायचे.

मला वाटायचं, दरवर्षी फाफ्सा (मदतीसाठीचा सरकारी अर्ज) भरला की दरवर्षी पैसे येणार. तसं नाही. पेल जन्मभरात बारा पूर्णवेळ सेमिस्टरपुरतीच असते. २०१२ च्या जुलैपर्यंत अठरा होती, मग कमी केली. पूर्णवेळ एका वर्षाचे शंभर टक्के धरतात आणि सहाशे भरले की संपलं. म्हणजे पूर्णवेळ सेमिस्टरला पन्नास टक्के जातात, अर्धवेळ शिकलात तर पंचवीसच.

मी दोन सेमिस्टर पूर्णवेळ इंग्रजीचे वर्ग केले, तेही पेलवर. नंतर चार सेमिस्टर अकाउंटिंग. मधे मिरजेला आईचं ऑपरेशन झालं, सहा आठवडे जावं लागलं. दोन विषय ऑनलाइन होते ते तिथून केले, उरलेल्या दोनांतून नाव काढलं. ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) दोन 'डब्ल्यू', म्हणजे विषय सोडल्याचे शेरे, लागले, पण पैसे चारही विषयांचे उचललेले, म्हणजे टक्के पूर्ण गेले. पुढे नर्सिंगचं मनावर घेतलं आणि ॲनाटॉमी, मायक्रोबायोलॉजी वगैरे चार सेमिस्टर अर्धवेळ केली.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी खिडकीवर गेले ते वेगळंच विचारायला. नर्सिंगच्या यादीत वर्षभर थांबायचं होतं. तोवर पुन्हा अकाउंटिंगला नाव घालू का, फी तर पेलमधून जाते? नंबर लागायला चाळीस मिनिटं गेली. खिडकीतल्या बाईंनी हो-नाही काहीच म्हटलं नाही. स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि एका आकड्यावर पेन्सिल टेकवली. ४००. "तुमचे दोनशे उरलेत. नर्सिंगची चार सेमिस्टर त्यात बसतात. हे वर्ष अकाउंटिंगला दिलंत तर शंभर जातील, आणि नर्सिंगचं दुसरं वर्ष खिशातून भरावं लागेल." मला घाम फुटला. पुढच्याच आठवड्यात मी नाव नोंदवणार होते.

मग त्यांनी दुसरी मर्यादा समजावली. ती कॉलेजची असते. प्रत्येक विषयाला ठरावीक क्रेडिट असतात; साठ क्रेडिटच्या कोर्सला दीडपट म्हणजे नव्वद क्रेडिटपर्यंतच मदत चालते, आणि 'डब्ल्यू' लागलेले विषयही त्यात मोजले जातात. माझे शहात्तर झाले होते. नर्सिंग धरलं तर नव्वदच्या पार जात होते, म्हणजे तिकडूनही मदत थांबणार होती. पण इथे अपील करता येतं, सहाशे टक्क्यांना अपील नाही. हा फरक त्यांनी मला दोनदा सांगितला, आणि दुसऱ्या वेळी कागदावर लिहून दिला. तो कागद अजून फ्रीजवर आहे.

अपिलाला आईचं डिस्चार्ज कार्ड लागलं. भावाने मिरजेहून फोटो पाठवला. पत्र मी लिहिलं, त्यांनी वाचून दोन वाक्यं बदलायला सांगितली आणि पुढे कुठलं सेमिस्टर कधी करणार याचा तक्ता जोडून घेतला. अकरा दिवसांनी मंजूर झालं. एवढ्या आस्थेने आजवर कुठल्या ऑफिसात माझं काम कोणी केलं नव्हतं.

वर्षभर मी एका नर्सिंग होममध्ये काम केलं, टक्के जपले. आता शेवटचं सेमिस्टर चालू आहे.

राग येतो तो या गोष्टीचा की सहा वर्षांत एकाही सल्लागाराने हा आकडा काढून दाखवला नाही. इंग्रजीच्या वर्गात बसलेल्या आम्हा बायकांना तर नक्कीच दाखवायला हवा होता. तेव्हा कळतं तर मी इंग्रजी लायब्ररीच्या फुकट वर्गात शिकले असते आणि ते शंभर टक्के पुढच्या बी.एस.एन.ला (नर्सिंगच्या बॅचलर डिग्रीला) ठेवले असते. आज त्यासाठी माझ्याकडे काही उरलं नाही.

अजून एक, कारण याची मला खूप भीती वाटत होती: आईने वापरले म्हणून मुलीचे कमी होत नाहीत. प्रत्येकाचे सहाशे वेगळे.

स्टुडंटएड डॉट जीओव्हीवर लॉग-इन केलं की 'माय एड'मध्ये हा आकडा घरबसल्या दिसतो. विषय नोंदवायच्या आधी तो बघा. समजला नाही तर मंगळवारी सकाळी खिडकीवर जा, गर्दी कमी असते. ओळखपत्र न्या आणि स्क्रीन वळवून दाखवा म्हणून सांगा. दाखवतात.