जी31 बोर्ड, 2 जीबी रॅम आणि अँटिक्स 23 : झेरॉक्सच्या दुकानाला चालेल का?

विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला, विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागतं. खानापूर, निपाणी, बेळगावातल्या झेरॉक्स दुकानांतले जी31 बोर्डाचे (इंटेलच्या जुन्या चिपसेटचे) ड्युअल कोअर पीसी तिथेच अडले. त्यांच्यासाठी डेबियन 12 या लिनक्सवर बेतलेली अँटिक्स 23 ही मनापासून सुचवावी अशी हलकी लिनक्स सिस्टिम आहे. आइसडब्ल्यूएम डेस्कटॉप उघडला तरी रॅम जाते साधारण 200 एमबी. 'फुल' आवृत्तीत लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स आधीपासून असतात. रॅम 1 जीबीच असेल तर 32 बिट घ्या.

इन्स्टॉलर सोपा आहे, डोकं खातो तो बायोस, म्हणजे पीसी चालू होताना आधी चालणारा बोर्डाचा प्रोग्राम. पेन ड्राइव्ह 4 किंवा 8 जीबीचा पुरे. रुफस या विंडोजवरच्या प्रोग्राममध्ये डीडी मोडने अँटिक्सची आयएसओ फाइल लिहा आणि मागच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टची वायर बऱ्याचदा ढिली असते. बूटच्या यादीत पेन ड्राइव्ह दिसत नसेल तर 'हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज'मध्ये शिरा. जुना बायोस त्याला हार्ड डिस्कच समजतो. तिथे त्याला एक नंबरवर आणा.

खरी फसगत इथूनच होते. कधीकधी पेन ड्राइव्हच 'एसडीए' (लिनक्स पहिल्या डिस्कला देतं ते नाव) होतो, आणि ग्रब, म्हणजे सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम, त्याच्यावर बसतं. मग पेन ड्राइव्ह काढला की पीसी उठतच नाही. ग्रब कुठे टाकायचं असं विचारलं की नाव बघू नका, साइज बघा : 160 किंवा 320 जीबीची ती आपली डिस्क.

बोर्डावरचा घड्याळाचा सेल आधी बदला. सीआर2032 उतरलेला असला की करंट गेल्यावर तारीख कितीतरी वर्षं मागे जाते. मग ब्राउझर साइट उघडत नाही, अपडेटही 'नॉट व्हॅलिड येट' म्हणून थांबतो, आणि माणूस नेटला दोष देत बसतो. लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमचं वायफाय असेल तर फर्मवेअर वेगळं लागतं; तेवढ्यापुरतं मोबाइलला केबल लावून यूएसबी टेदरिंग करा.

दुकानाचा जीव प्रिंटरमध्ये. एचपी लेसरजेट 1020 एचपीएलआयपी या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरवर नीट चालतो, फक्त त्याचा प्लगइन वेगळा उतरवावा लागतो. या प्रिंटरला चालू करताना दरवेळी पीसीकडून फर्मवेअर लागतं, म्हणून प्लगइनशिवाय तो नुसता दिसतो, छापत नाही. कॅनन एलबीपी 2900 मात्र कॅप्ट या कॅननच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतो आणि लिनक्सवर फार रडवतो. तो प्रिंटर असेल तर आधी लाइव्ह पेन ड्राइव्हवरून एक पान काढून बघा, मगच डिस्कला हात लावा.

मराठी आणि कन्नड इनस्क्रिप्ट, दोन्ही कीबोर्ड मिळतात. जुन्या नुडी या कन्नड टायपिंग सॉफ्टवेअरमधले अर्ज युनिकोड नसतात. नुडीचे फॉन्ट होममधल्या '.fonts' फोल्डरमध्ये टाकले नाहीत तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

बोटांचे ठसे घेण्याचं मशीन असेल तर घाई नको. त्याची आरडी सर्व्हिस, म्हणजे आधारसाठी ठसे पाठवणारं सॉफ्टवेअर, मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी असते. त्या कामाचा पीसी वेगळाच ठेवा.