विषमता आणि सरकार : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाविषयी

अमेरिकेतील पुराणमतवादी विचारवंत उत्पन्नाच्या विषमतेकडे कसे पाहतात, हे समजावून देणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला, आणि तो घेतल्याचे मला मनापासून समाधान आहे. श्रीमंत-गरिबांतील अंतर किती यापेक्षा तळातल्या माणसाला वर चढता येते का, हा या विचाराचा मूळ प्रश्न आहे, हे पहिल्याच पाठात स्वच्छ मांडले आहे.

सर्वांत सरस पाठ अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्या ऋण आयकराचा, म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा कमी कमावणाऱ्याकडून कर घेण्याऐवजी सरकारनेच त्याला पैसे देण्याच्या कल्पनेचा. शिक्षक फळ्यावर आकडे मांडतात : मर्यादा १०,००० डॉलर, कमाई ६,०००, म्हणजे तूट ४,०००; तिच्या निम्मे, २,००० डॉलर, सरकार रोख देते, आणि कमाई १,००० ने वाढली तर मदत ५०० नेच घटते, त्यामुळे जास्त काम करणारा कधीच तोट्यात जात नाही. या विचाराला सरकार नकोच असते, हा माझा गैरसमज तिथेच दूर झाला. कमावत्या गरिबांसाठीची १९७५ ची करसवलत राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८६ साली वाढवली, हेही त्याच ओघात येते.

करकपातीचा पाठ मात्र एकांगी वाटला. रेगन यांच्या काळात आयकराचा सर्वोच्च दर ७० वरून २८ टक्क्यांवर आला, याचे भरभरून कौतुक आहे; त्याच काळात फुगलेल्या सरकारी तुटीचा उल्लेख नाही, आणि वारशाने मिळणाऱ्या संपत्तीवर तर एकही वाक्य नाही. संधीची समानता मानणाऱ्यांनी तो प्रश्न टाळायला नको होता.