स्पायनल इंज्युरीवाल्यांचं दोन दिवसांचं हेल्थ वर्कशॉप, तीन महिन्यांनी लिहितेय

रिव्ह्यू मुद्दाम तेव्हा टाकला नाही, कारण निघताना सगळ्यांनाच भारी वाटत असतं. माझा धाकटा भाऊ, बाईकच्या अ‍ॅक्सिडेंटनंतर मणक्याला मार बसल्यामुळे कंबरेखाली काहीच जाणवत नाही त्याला, गेल्या वर्षी बसायच्या हाडावर बेडसोर (सतत दाब पडून होणारी जखम) झाला आणि भरायला पाच महिने लागले, रोजचं ड्रेसिंग मीच करायचे. परत तसं होऊ नये एवढ्यासाठीच आम्ही गेलो होतो.

आणि ते खरंच शिकायला मिळालं. सेशन घेणारे सर स्वतः व्हीलचेअरवर. त्यांनी स्लाइड बंद केल्या आणि एकेकाच्या बुडाखाली हात घालून उशी तपासली. भावाच्या एअर कुशनला हात लावल्या लावल्या म्हणाले, अरे ही तर टम्म फुगलीय! मग थोडी थोडी हवा सोडत गेले, हाडाखाली बोटभर जागा राहीपर्यंत. आम्हाला दोन वर्षं वाटत होतं जास्त हवा म्हणजे जास्त मऊ. दुसरं म्हणजे आरसा. रोज झोपताना मागची कातडी आरशात बघायची, लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा, दाबल्यावर फिका पडला तर ठीक, लालच राहिला तर सोरची सुरुवात समजायची आणि त्या जागेवर बसणं बंद. सावळ्या कातडीवर लाली पटकन कळत नाही म्हणून जागा गरम किंवा कडक लागते का तेही हाताने बघायचं. तिसऱ्याच आठवड्यात असा डाग सापडला, भाऊ तीन दिवस कुशीवर झोपून राहिला आणि डाग गेला. या एका गोष्टीसाठी मी त्या सरांची आयुष्यभर ऋणी आहे.

पण हॉल कोणी निवडला देव जाणे. टॉयलेटचं दार 24 इंच, भावाची व्हीलचेअर 26 ची. त्याला दर चार-पाच तासांनी कॅथेटर म्हणजे नळी घालून लघवी काढावी लागते, म्हणून पहिल्या दिवशी तो पाणीच प्यायला नाही आणि त्याच दिवशी युरिन इन्फेक्शनच्या सेशनमध्ये भरपूर पाणी प्या सांगत होते. मला रडू आलं खरंच. मानेच्या इंज्युरीवाल्यांचं बीपी कॅथेटर तुंबला तरी एकदम चढतं, डोकं ठणकतं, घाम फुटतो, अशा वेळी आधी उठून बसवायचं आणि नळी बघायची, हा जिवावरचा विषय पाच मिनिटांत उरकला, तोही निम्मा इंग्लिशमध्ये. बाजूला बसलेल्या काकूंना काही कळलं नाही, मी जेवताना समजावलं.

शेवटी फीडबॅक फॉर्म, जेवण कसं होतं, स्पीकर कसे होते. अहो, तीन महिन्यांनी फोन करून विचारा ना किती जणांना सोर झाला, किती जण इन्फेक्शनने अ‍ॅडमिट झाले, त्यावरून कळेल वर्कशॉपचा उपयोग झाला की नाही. अजून कोणाचा फोन नाही.

बेडसोरच्या सेशनला पाचपैकी पाच, बाकीच्याला दोन. जाणार असाल तर रोजची उशी आणि घरचं एक माणूस सोबत न्या, आणि टॉयलेटच्या दाराची रुंदी आधीच फोनवर विचारा.